ऑफिस चेअर कोणती घ्यावी? उंची ५ फूट १ इंच, टेबल ३० इंची, दुपारनंतर कंबर धरते

रानजाई

नमस्कार मंडळी. मी घरून अकाउंट्सचं काम करते, छोट्या दुकानदारांची पुस्तकं आणि जीएसटीचे रिटर्न्स, त्यामुळे एरवी सात-आठ तास आणि ११ तारखेचं जीएसटीआर-वन, २० तारखेचं थ्री-बी जवळ आलं की त्याहून जास्त, सगळं बैठं काम. आत्तापर्यंत डायनिंग टेबलची लाकडी खुर्ची आणि तिच्यावर उशी असं चाललं होतं पण आता दुपारी चारनंतर कंबर धरते, दोन्ही खांद्यांच्या मधे पाठ भरून येते, आणि उठल्यावर थोडा वेळ सरळच होता येत नाही. तर आता चांगली ऑफिस चेअर घ्यायचीच असं ठरवलंय. बजेट १२ ते १५ हजार, खरंच चांगली असेल तर थोडं वर गेलं तरी चालेल.

ऑनलाइन बघितलं तर सगळ्या सारख्याच दिसतात आणि रिव्ह्यू लिहिणारे "एकदम कम्फर्टेबल" याच्या पुढे जात नाहीत. परवा दुकानात जाऊन आले, तिथे हाय बॅक, हेडरेस्टवाली, जाड गादीची बॉस चेअर पुढे केली. बसले तर पाठ टेकवली की पाय अधांतरी आणि पाय टेकवले की पाठ अधांतरी. माझी उंची ५ फूट १ इंच. दुकानदार म्हणाला मॅडम सवय होते.

टेबल सासऱ्यांचं जुनं सागवानी आहे, ३० इंच उंच, ते बदलायचं नाहीये आणि त्याचे पाय कापायचेही नाहीयेत, हे आधीच सांगते. संध्याकाळी त्याच खुर्चीवर नवरा बसणार, तो ५ फूट ११. काम लॅपटॉपवर, वेगळा कीबोर्ड नाही. लंबर सपोर्ट, सिंक्रो टिल्ट, थ्री-डी आर्मरेस्ट, बिफ्मा हे जे लिहिलेलं असतं त्यातलं खरंच लागतं काय? आणि घेतल्यावर ती अ‍ॅडजस्ट कशी करायची हे कोणी नीट सांगेल का, दुकानात कोणालाच माहीत नव्हतं.

तिठा

रानजाई, खुर्चीचं नंतर बघू, आधी टेबलाचं बोलू, कारण तुमच्या खांद्यांमधल्या दुखण्यात त्या ३० इंचांचा मोठा हात आहे असं मला वाटतं. मी बरीच वर्षं ऑफिस अ‍ॅडमिनमधे आहे, खुर्च्या घेणं, बदलून देणं, लोकांच्या तक्रारी ऐकणं हे रोजचं काम. तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या जागेवर मी पहिल्यांदा टेप घेऊन जातो आणि निम्म्या वेळा खुर्ची ठीकच असते.

आपल्याकडे टेबल २९-३० इंचांचं करायची पद्धत आहे. ही उंची साधारण पावणेसहा फुटांच्या वरच्या, बूट घालून बसलेल्या माणसाला लिहायला बरी पडते. टाइप करताना मात्र हात कोपराच्या पातळीला किंवा थोडे खाली हवेत. तुमच्या उंचीला ३० इंचांवर टाइप करायचं म्हणजे दिवसभर खांदे उचलून धरायचे, आणि खांदे उचलून धरणारा जो स्नायू आहे तो मानेपासून दोन पंखांच्या मधे येतो, तिथेच तुम्हाला दुखतंय.

तीन मापं घेऊन इथे टाका. घरात अनवाणीच काम करत असाल तर अनवाणीच घ्या. एक, कडक स्टुलावर बसून तळव्यापासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंत किती. दोन, हात सैल सोडून कोपर काटकोनात वाकवलं की स्टुलाच्या पृष्ठभागापासून कोपराच्या खालपर्यंत किती. तीन, पाठ आणि कुल्ले भिंतीला चिकटवून बसायचं आणि भिंतीपासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत किती. आणि टेबलाला मधे खण आहे का तेही सांगा.

तोवर बिफ्माचं सांगतो. बिफ्मा ही अमेरिकेतल्या फर्निचर बनवणाऱ्यांची संघटना आहे, त्यांच्या टेस्ट असतात. ऑफिस चेअरसाठीची जी टेस्ट आहे, एक्स ५.१, ती मजबुतीची आणि टिकाऊपणाची आहे, म्हणजे बेस मोडतो का, पाठ हजारो वेळा ढकलली तर टिकते का, चाकं किती फिरवली तरी चालतात. ती खुर्ची तुमच्या पाठीला बरी आहे का याच्याशी त्या टेस्टचा संबंध नाही. शिवाय जाहिरातीत "बिफ्मा सर्टिफाइड" लिहिलेलं असतं तेव्हा पुष्कळदा फक्त गॅसलिफ्ट, म्हणजे सीट वर-खाली करणारी मधली नळी, किंवा बेस टेस्ट केलेला असतो, अख्खी खुर्ची नाही, त्यामुळे नेमकं काय सर्टिफाइड आहे ते विचारायचंच. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं वर्क चेअरसाठी वेगळं स्टँडर्ड आहे, आयएस १७६३१, २०२२ सालचं, तो नंबर कुठे दिसला तर चांगलंच.

कातळसडा

मी रत्नागिरीचा, मापाचं बाकीचे सांगतीलच, मी मटेरियलचं सांगतो कारण आमच्याकडे समुद्राच्या हवेत सगळं उघडं पडतं. लेदरेटची खुर्ची अजिबात घेऊ नका. ते कापडावर चढवलेलं पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचं, पातळ कोटिंग असतं, दमट हवेत आणि घामाने ते सुटायला लागतं, आधी हाताशी आणि सीटच्या पुढच्या कडेला बारीक भेगा, मग काळे पापुद्रे, आणि ते पापुद्रे कपड्यांना, फरशीला, सगळीकडे चिकटतात. माझ्या आधीच्या खुर्चीचं असंच झालं आणि विक्रेत्याने "वॉरंटीत कव्हर येत नाही" म्हणून हात वर केले. शिवाय मे महिन्यात त्याच्यावर बसवत नाही. तुम्ही कुठल्या गावच्या ते लिहिलं नाहीत पण पुणे-नगरकडच्या असाल तरी उन्हाळा आहेच.

पाठ जाळीची, म्हणजे मेशची घ्या आणि सीट मोल्डेड फोमचं, वर कापड. स्वस्तातल्या खुर्चीत सीटही जाळीचं असेल तर ते लवकर मधे झोळ धरतं आणि कडेची फ्रेम मांडीला लागते. फोम ओळखायचा सोपा उपाय, सीटच्या मध्यावर मूठ दाबायची, खालचं लाकूड हाताला लागलं तर ती खुर्ची सोडून द्यायची.

चाकांकडेही बघा. खुर्चीबरोबर बहुतेक वेळा कडक नायलॉनची चाकं येतात, ती कार्पेटसाठी ठीक, आपल्या टाइल्सवर आवाज करतात, घसरतात आणि जुनी मोझॅक फरशी असेल तर चरे पाडतात. मऊ पीयूची चाकं वेगळी मिळतात, बहुतेक खुर्च्यांना ११ मिलिमीटरचा दांडा असतो, तो मोजून मागवा, ओढून काढायची आणि दाबून बसवायची, स्क्रूसुद्धा नसतो.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज ओपीडीत असे पेशंट बघते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक महत्त्वाचं. दुखणं कमरेतून पायात गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पाय बधिर होत असेल, पाऊल उचलताना जड वाटत असेल तर खुर्ची शोधायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखं वाटलं किंवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला तर त्याच दिवशी, थांबायचं नाही. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही पण हे वाचणारे इतरही असतात.

आता बसण्याचं. काटकोनात ताठ बसा हे आपल्याला शाळेपासून सांगितलेलं असतं आणि लोक खुर्ची घेतात, पाठ ९० अंशात लॉक करतात आणि वर्षानुवर्षं तशीच ठेवतात. पाठीला ते नको असतं. आल्फ नाखेमसन नावाच्या स्वीडिश अस्थितज्ज्ञाने १९६० च्या दशकात माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला होता. पाठीला टेकू नसताना बसलं तर चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त दिसला, आणि पुढच्या कामात असं दिसलं की पाठ मागे झुकवली आणि कमरेला आधार दिला की तो कमी होतो. १९९९ साली जर्मनीत पुन्हा असं मोजमाप झालं, त्यात बसणं आणि उभं राहणं यातला फरक तेवढा मोठा निघाला नाही, पण मागे रेलून बसल्यावर दाब उतरतो हे त्यातही दिसलं. म्हणजे काय करायचं, तर पाठ १०० ते ११० अंशांवर ठेवायची, हलकी मागे, आणि मुख्य म्हणजे ती लॉक न करता हलती ठेवायची. वाचताना मागे, टाइप करताना थोडं पुढे, फोनवर अजून मागे. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, हालचालीने दाब कमीजास्त होतो त्यातून तिचं पोषण होतं, म्हणून एकच "बरोबर" पोझिशन धरून बसणं हाही त्रासच.

लंबर सपोर्ट खरंच लागतो, पण जागच्या जागी. कमरेच्या मणक्यांचा आतला बाक साधारण पट्टा बांधतो तिथे आणि त्याच्या थोडं वर असतो. सपोर्ट खाली गेला तर तो माकडहाडाला ढकलून तुम्हाला सीटवरून पुढे सरकवतो, वर गेला तर बरगड्यांना टोचतो. म्हणून वर-खाली होणारा सपोर्ट हवा, फिक्स असेल तर तो तुमच्या कमरेला लागेल याची काहीच खात्री नाही. हेडरेस्टवर पैसे घालू नका, टाइप करताना डोकं त्याला टेकलेलं नसतंच, आणि ५ फूट १ ला तो बहुधा डोकं पुढे ढकलेल.

आणि अर्ध्या तासाने उठायचं. दोन मिनिटं पुरतात. क्लायंटचे फोन उभं राहून किंवा घरात फिरत घ्या, पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका, स्वयंपाकघरात ठेवा म्हणजे उठणं होईल. उठल्यावर कमरेवर हात ठेवून हळूच मागे वाकायचं, पाच-सहा वेळा, मग लगेच चालायला लागायचं.

रानजाई

किती छान सांगताय सगळे. पायात काही उतरत नाही, फक्त कंबर आणि पाठ. पुण्याची आहे.

मापं घेतली, नवऱ्याने टेप धरली. तळव्यापासून गुडघ्यामागे १५.५ इंच, स्टुलापासून कोपर ८.५ इंच, भिंतीपासून गुडघ्यामागे १७.५ इंच. नवऱ्याची पण घेतली, १८, ९.५ आणि २० च्या जरा आत. टेबलाला मधे खण नाही, खण उजव्या बाजूला आहेत, मधे पाय घालायला मोकळं आहे.

तिठा

वा, आता सगळं स्पष्ट दिसतंय.

१५.५ आणि ८.५ म्हणजे २४. पाय जमिनीवर सपाट ठेवून तुम्ही बसलात तर तुमचे हात २४ इंचांवर येतात आणि टेबल ३० वर आहे. सहा इंचांचा फरक. हा फरक जगातली कुठलीही खुर्ची एकटी भरून काढू शकत नाही. खुर्ची २१ पर्यंत वर घेतलीत, बहुतेकींची मर्यादा तीच असते, तरी हात २९.५ ला येतील आणि पायाखाली साडेपाच इंच उंच काहीतरी लागेल, एवढ्या उंचीवर चढून बसायचं म्हणजे चाकांची खुर्ची मागे सरकते, पाय खाली-वर करताना त्रास होतो.

त्यापेक्षा वेगळा कीबोर्ड-माऊस घ्या आणि टेबलाखाली क्लॅम्पने बसणारा कीबोर्ड ट्रे लावा. क्लॅम्पवाला म्हणजे टेबलाला भोक पाडावं लागत नाही, कडेला रबराचा तुकडा घालून आवळायचा, सागवानाला व्रण पडणार नाही. ट्रेची पाटी साधारण साडेतीन इंच खाली येते, म्हणजे २६.५. आता खुर्ची १८ वर ठेवा, कोपर २६.५ ला आलं, आणि पायाखाली अडीच इंच हवेत. घरात जेवायला बसायचे पाट असतील ना, तो एक पाट घ्या आणि पायाखाली ठेवा, नेमकं काम होतं. कीबोर्डची जाडी धरली तर खुर्ची अर्धा-पाऊण इंच वर लागेल, तेवढं बसून ठरवा, तंतोतंत असायची गरज नाही.

आणि यात एक फार चांगली गोष्ट झाली आहे, मिस्टरांचं माप बघा. त्यांचे पाय १८, कोपर ९.५, म्हणजे तेही १८ इंचांवरच बसणार, फक्त पाट बाजूला करायचा. दोघांना खुर्चीची उंची जवळपास बदलावीच लागणार नाही.

खरा प्रश्न सीटच्या खोलीचा आहे. तुमचं भिंतीपासूनचं माप १७.५, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी हवीत म्हणजे दोन इंच गेले, राहिले १५.५. बाजारातल्या बहुतेक खुर्च्यांचं सीट १८ ते २० इंच खोल असतं. दुकानात तुमचं जे झालं, पाठ टेकवली की पाय अधांतरी, ते यानेच. सीटची कड गुडघ्यामागे लागते, म्हणून आपण नकळत पुढे सरकतो, पुढे सरकलो की पाठ सुटते, आणि मग लंबर सपोर्ट कितीही भारी असला तरी तो हवेत. म्हणून तुमच्यासाठी सीट स्लायडर ही एकमेव गोष्ट आहे जी नसेल तर मी खुर्ची घेऊच नका म्हणेन. स्लायडर म्हणजे सीट पुढे-मागे सरकतं, साधारण दोन इंच. पूर्ण मागे घेतल्यावर १६ च्या आसपास येणारं शोधा, मिस्टरांना पुढे ओढलं की १८. अर्धा इंच उरलाच तर पाठीशी पातळ उशी लावा, उशी जेवढी जाड तेवढी सीटची खोली कमी होते.

खुर्चीची कमीत कमी उंचीही बघा. कागदावर १७.५ लिहिलेली खुर्ची बसल्यावर फोम दबून इंचभर खाली जाते, म्हणून कोणालातरी बसवून मोजायचं.

पानगळ

माझं एक विचारायचं आहे मधेच. मला खुर्चीवर मांडी घालून बसायची सवय आहे, आईलाही आहे, ते चुकीचं का? आणि मुलगा गेमिंग चेअर मागतोय बारावीच्या अभ्यासाला, ती पाठीला चांगली असते म्हणतो.

सांधेजोड

पानगळ, मांडी घालणं चुकीचं नाही, त्यातच तासन्‌तास राहणं नको. पंधरा-वीस मिनिटं मांडी, मग पाय खाली, असं चालतं. मांडी घातली की कंबर मागे गोल होते आणि बाक निघून जातो, म्हणून तेवढा वेळ पाठ टेकलेली ठेवा. गुडघ्याचं दुखणं असेल तर मात्र टाळा, विशेषतः आईंनी.

गेमिंग चेअर दिसायला रेसिंग कारच्या सीटसारखी असते आणि सीटच्या दोन्ही कडा वर उचललेल्या असतात. कारमधे वळणावर माणूस घसरू नये म्हणून त्या कडा असतात, अभ्यासाच्या टेबलापाशी त्या मांड्या आत दाबतात आणि हलू देत नाहीत. त्या उशा पट्ट्याने बांधलेल्या असतात त्या खाली घसरतात. तेवढ्याच पैशात साधी मेश बॅकची खुर्ची जास्त उपयोगी. पुस्तकातून अभ्यास असेल तर पुस्तक तिरकं ठेवायला स्टँड द्या त्याला, मान वाकवून वाचण्यानेच जास्त दुखतं या वयात.

ताडमाड

रानजाई, माझी उंची ६ फूट २, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या बाजूने बोलतो. आर्मरेस्टचं कोणी बोललं नाही अजून. वन-डी म्हणजे फक्त वर-खाली, टू-डीमधे अजून एक दिशा, थ्री-डीत पुढे-मागे आणि आत-बाहेर वळणंही येतं, फोर-डीत रुंदीही कमीजास्त होते, कंपन्या मोजतात थोडं वेगवेगळं. दोघांत एक खुर्ची असेल तर वर-खाली पाहिजेच, बाकीचं जमलं तर. तुमची चण लहान असेल तर दोन आर्मरेस्टमधलं अंतर जास्त पडेल, मग कोपरं बाहेर फाकतात, म्हणून आत वळणारी असतील तर बरं.

फिक्स आर्मरेस्ट मात्र नकोतच. ती टेबलाच्या कडेला आपटतात, खुर्ची आत जात नाही, आणि माणूस स्क्रीनकडे वाकून बसतो. तुमच्याकडे तर खाली ट्रे येणार. असं होत असेल तर आर्मरेस्ट सरळ काढून टाका, खाली तीन-तीन बोल्ट असतात, मी माझी काढली आणि कुठे अडलं नाही. काही लोक आर्मरेस्ट हवेतच म्हणतात, माझं मत वेगळं आहे, हात कीबोर्डपाशी टेकायला जागा असेल तर खुर्चीची आर्मरेस्ट नसली तरी चालतं.

अजून एक, सेकंडहँडचा विचार केलात का? ऑफिसं बंद होतात किंवा जागा बदलतात तेव्हा चांगल्या चांगल्या खुर्च्या विकायला निघतात, मुंबईत ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरची दुकानंच दुकानं आहेत. हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीची एअरॉन नावाची खुर्ची नवी घ्यायची तर लाखाच्या गोष्टी होतात, जुनी मिळते पण माप बघून घ्या, ती १९९४ साली आली तेव्हापासून ए, बी, सी अशा तीन मापांत मिळते. पाठीच्या फ्रेमच्या वरच्या कडेला मागून हात लावला की ठिपके लागतात, एक ठिपका ए, दोन बी, तीन सी. तुम्हाला ए लागेल आणि मिस्टरांना बी किंवा सी, म्हणून तुमच्या घरात ती दोघांना जमणार नाही. पण जो माणूस मनुष्यांच्या मापाचा विचार करून तीन साइझ काढतो त्याचं म्हणणं खरं आहे, चपलेला नंबर असतो तर खुर्चीला का नसावा.

तिठा

सेकंडहँड घेणार असाल तर बसून खुर्ची पूर्ण वर घ्या आणि पाच-दहा मिनिटं बसून राहा, हळूहळू खाली जात असेल तर गॅसलिफ्ट गेलेली आहे. दुकानदार तिला हायड्रॉलिक म्हणतात पण आत दाबाखाली नायट्रोजन असतो, दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. हजार-दीड हजारात काम होतं, तेवढे किमतीतून कमी करून मागा. नवीन टाकताना क्लास फोर, म्हणजे जास्त मजबूत प्रकारची, मागायची. आणि ती घरी स्वतः उघडून बघायच्या भानगडीत कोणी पडू नका, आत दाब असतो.

रानजाई

आज जाऊन आले! स्लायडर आहे का विचारलं की निम्मी दुकानं तिथेच संपली. एका ठिकाणी मिळाली, मेश बॅक, कापडी फोम सीट, स्लायडर, सिंक्रो टिल्ट, लंबर वर-खाली, आर्मरेस्ट वर-खाली आणि आत वळणारी. तिथेच टेप लावून मोजलं, सीट पूर्ण मागे घेतल्यावर १६ इंच, बसून उंची १७ पासून. साडेचौदा हजार. उद्या घरी येणार. कीबोर्ड ट्रे आणि वायरलेस कीबोर्ड-माऊस मागवलाय, पाट आहेच. आता एवढं सांगा, आली की कुठून सुरुवात करू? खाली तीन-चार दांडे आणि एक गोल नॉब आहे, आणि ते सिंक्रो नक्की काय करतं ते मला अजून कळलेलं नाही.

तिठा

सिंक्रो म्हणजे तुम्ही मागे रेललात की पाठ जास्त झुकते आणि सीट कमी, साधारण दोनास एक. साध्या टिल्टमधे पाठ आणि सीट एकत्रच मागे पडतात, त्यामुळे गुडघे वर उचलले जातात आणि पाय जमिनीवरून सुटतात. तुमच्यासारख्या कमी उंचीच्या माणसाला सिंक्रोचा फायदा जास्त.

क्रम असा ठेवा. आधी उंची. बहुतेक खुर्च्यांत उजवीकडचा दांडा उंचीचा, वर घ्यायची असेल तर जरा उठून दांडा ओढायचा, बसून ओढला तर खालीच जाणार. ट्रेवर हात ठेवून बघा, खांदे सैल आणि कोपर ट्रेच्या पातळीला. मग पाट. मग स्लायडर, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं सहज जातील असं. मग कुल्ले पार मागे नेऊन बसा, अगदी शेवटपर्यंत, आणि लंबर कमरेच्या बाकात आणा. पुष्कळ खुर्च्यांत पाठ वर ओढली की टक्‌ टक्‌ आवाज करत एकेक खाच चढते आणि खाली आणायची असेल तर अगदी वरपर्यंत न्यावी लागते, मग ती एकदम खाली येते आणि पुन्हा पहिल्यापासून. हे माहीत नसलं की लोकांना वाटतं खुर्ची बिघडली. आर्मरेस्ट सगळ्यात शेवटी, कोपर नुसतं टेकेल इतकी, खांदा वर ढकलला जाता कामा नये, आणि ट्रेला अडत असतील तर खाली करून विसरून जा.

आता तो गोल नॉब. तो रेलण्याचा ताण कमीजास्त करतो आणि त्याच्याकडे कोणी बघतही नाही. फॅक्टरीतून तो बऱ्याचदा जड माणसाच्या हिशोबाने येतो, तुम्ही मागे रेलायला जाल तर पाठ हलणारच नाही आणि तुम्हाला वाटेल टिल्ट खराब आहे. लॉक काढा, नॉब सैल करत जा, खूप फेरे लागतात, आणि बघा की हात छातीशी घेऊन मागे रेललात तर पाठ सावकाश तुमच्याबरोबर येते आणि पुढे यायला जोर लावावा लागत नाही. मिस्टर बसले की त्यांना तो थोडा आवळावा लागेल. किती फेरे ते एकदा मोजून सीटच्या खाली मार्करने लिहून ठेवा.

लॅपटॉप वर उचलायचाय हे विसरू नका, नाहीतर खुर्ची चांगली आणि मान खाली असं होईल. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, अंतर हातभर. तुमच्या मापाला लॅपटॉप टेबलापासून सहा-एक इंच वर हवा, स्टँड येईपर्यंत दोन बॉक्स फायली आडव्या टाका, तुमच्याकडे त्या असणारच.

सांधेजोड

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर स्क्रीन तिठा म्हणतात त्यापेक्षा दोन-तीन इंच खाली ठेवा, नाहीतर खालच्या भागातून बघायला हनुवटी वर जाते आणि मान मागून दुखते.

आणि पहिले काही दिवस नवीन खुर्चीत वेगळ्याच जागी थोडं दुखेल, पाठ आधी आधाराशिवाय बसायची ती आता टेकून बसतेय म्हणून. सकाळी दोन-तीन तास, मग हळूहळू वाढवा. दोन-तीन आठवड्यांनीही कमरेचं दुखणं तसंच राहिलं तर एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या, खुर्चीवर थांबू नका.

रानजाई

चष्मा आहे पण फक्त लांबचा. हे सगळं प्रिंट काढून टेबलाच्या बाजूला लावते. नॉबचं वाचून नवरा म्हणतोय त्याच्या ऑफिसातल्या खुर्चीची पाठ इतकी वर्षं हलतच नाही म्हणून, तो उद्या जाऊन खाली वाकून बघणार आहे.

कातळसडा

घरी जोडायला येणाऱ्या माणसाकडून पाठीचे आणि सीटखालचे बोल्ट स्वतःसमोर आवळून घ्या. पाठीचे सगळे बोल्ट आधी अर्धे बसवायचे आणि मग आवळायचे, एकच आधी घट्ट केला तर बाकीचे तिरके जातात. बरोबर अ‍ॅलन की येते ती टाकू नका, महिन्याभराने एकदा परत आवळावे लागतात, करकर आवाज यायला लागला की समजायचं वेळ झाली.